फेसवॉशच्या खोक्यावरच्या ‘चाचणी’वर किती भिस्त ठेवायची?

सुदामानगरकर:
लेकीला पिंपल्स फार. तिने आणलेल्या फेसवॉशच्या खोक्यावर ठळक ‘क्लिनिकली प्रूव्हन’, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत खुलासा: थोड्याशा मुली, चार आठवडे, ‘फरक वाटतो का?’ एवढाच प्रश्न. तुलनेला दुसरा गटच नाही. माझ्या मते ही जाहिरात आहे, चाचणी नव्हे. पिंपल्स आपणहून कमी-जास्त होतात. मुली नाव नोंदवतात तेव्हा चेहरा पार बिघडलेला असतो; महिन्याभराने जरा बरा दिसणारच, मग मुलतानी माती का लावेना. निम्म्या मुलींना तोच फेसवॉश, पण औषध काढून दिल्याशिवाय मला पटायचं नाही.

पलासियाची मावशी:
म्हणून सगळंच मोडीत काढायचं? बेन्झॉइल पेरॉक्साइड, सॅलिसिलिक अॅसिड या पिंपल्सवरच्या औषधांवर कित्येक वर्षांचं काम आहे. फेसवॉशसाठी हजार-हजार माणसं कोण गोळा करणार? लहान चाचणी म्हणजे खोटी नव्हे.

सुदामानगरकर:
मावशी, लहान असल्याचं काही नाही; लहान असून बाता मोठ्या, हे खटकतं. आणि तुम्ही म्हणता ते बरंचसं काम लावून ठेवायच्या जेल-क्रीमवरचं. फेसवॉश मिनिटाभरात वाहून जातो. जेलचा निकाल त्याच्या नावावर कसा खपवायचा?

निवृत्त एमआर:
भिया, एक गोष्ट दोघांच्याही नजरेतून सुटली. बेन्झॉइल पेरॉक्साइडने कापडाचा रंग उडतो. टॉवेलवर फिकट डाग पडले की मुलीला कळतंच, आपल्या वाट्याला खरं औषध आलंय. कागदावर कितीही गुपित ठेवा! म्हणून मी ‘किती जणींना वाटलं’ हे वाचतच नाही. कोणाला काय दिलंय हे ठाऊक नसलेल्या डॉक्टरने पुळ्या मोजल्या का, ते बघतो. मग मधूनच सोडून गेलेल्या किती, आणि त्यांना हिशोबात धरलं का? जळजळ होणाऱ्याच आधी पळतात. मुदत १२ आठवडे तरी हवी. चाचणी सुरू होण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंदवली असेल तर काय मोजणार ते आधीच जाहीर होतं, मागाहून सोयीचा आकडा उचलला तर पकडता येतो. ही नोंदवही २००७ पासून आहे, कोणालाही फुकट बघता येते.

पलासियाची मावशी:
हे पटलं. पण इंदूरकरांना ‘चाचणी’ म्हटलं की दचकायची सवय लागलीय. रुग्णांवरच्या औषध-चाचण्यांविरुद्ध इथल्या स्वास्थ्य अधिकार मंचाची याचिका २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टात गेली, २०१३ मध्ये चाचणीत इजा किंवा मृत्यू झाल्यास भरपाईचे नियम आले. ते जिवाशी खेळ असल्याचं प्रकरण होतं. तो राग फेसवॉशवर कशाला? माझ्या भाचीला दोन महिन्यांत फरक पडलाच की.

सुदामानगरकर:
कधी सुरू केला होता?

पलासियाची मावशी:
मे महिन्यात.

सुदामानगरकर:
म्हणजे उकाडा सरला, पाऊस आला. श्रेय कोणाला?

पलासियाची मावशी:
बरं बाबा, परीक्षाही तेव्हाच संपली होती. घ्या!

निवृत्त एमआर:
भांडण चालू द्या. लेकीच्या फेसवॉशमध्ये बेन्झॉइल पेरॉक्साइड असेल, तर तिला टॉवेल नि उशीचा अभ्रा पांढराच द्या. आमच्या घरी नवी मरून चादर गेली.