घरच्या ध्वनिमुद्रणासाठी कमी खर्चातला कंडेन्सर माइक: निवड आणि मांडणी

शब्दयात्री

नमस्कार. मला घरी कथावाचनाचे आणि अधूनमधून गाण्याचे ध्वनिमुद्रण करायचे आहे. आतापर्यंत मी ते मोबाइलवरच करत आलो, पण त्यातला आवाज नेहमी लांबून आल्यासारखा आणि पोकळ वाटतो, आणि दहा मिनिटे ऐकले की कान थकतात, असे मला दोन-तीन जणांनी आपुलकीने सांगितले. म्हणून आता कंडेन्सर माइक (विद्युतभारित पातळ पडद्याच्या कंपनांतून आवाज टिपणारा संवेदनशील माइक) घ्यायचे ठरवले आहे. हाताशी पैसे मोजके आहेत आणि घेतलेली वस्तू पुढची काही वर्षे वापरायची आहे, त्यामुळे निवड चुकून चालणार नाही.

माझी खोली सुमारे ३ मीटर लांब आणि तितकीच रुंद आहे. एका बाजूला पुस्तकांचे कपाट, समोर काचेची खिडकी, बाकीच्या भिंती उघड्या आणि खाली फरशी आहे. संगणकाचा पंखा सतत चालू असतो. थेट यूएसबीने जोडायचा माइक घ्यावा, की एक्सएलआर (तीन पिनांच्या केबलचा) माइक आणि तो संगणकाला जोडणारा वेगळा ऑडिओ इंटरफेस घ्यावा, हे मला ठरवता येत नाही. माहितीपत्रकांत इतके आकडे असतात की त्यांतला कोणता आपल्या कामाचा, हेही कळत नाही. माइक कुठे आणि किती अंतरावर लावावा, यावरही कृपया सांगावे.

कानसेन

यूएसबी आणि एक्सएलआर यांतली निवड आवाजाच्या दर्जापेक्षा पुढे तुम्हाला काय करायचे आहे यावर जास्त अवलंबून आहे. यूएसबी माइकमध्ये माइक, प्रीॲम्प (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग) आणि डिजिटल रूपांतर करणारा भाग असे तिन्ही एकाच कवचात असतात. एकट्याने वाचन करायचे असेल तर त्यात काही उणे नाही. मात्र त्यातला एक भाग अपुरा पडला की सगळेच बदलावे लागते, आणि पुढे गळ्यासाठी एक व वाद्यासाठी एक असे दोन माइक लावायची वेळ आली की दोन यूएसबी माइक एकाच संगणकावर एकत्र चालवणे त्रासाचे होते. तुम्ही गाण्याचाही उल्लेख केला आहे, म्हणून मी एक्सएलआर माइक आणि दोन इनपुटचा साधा इंटरफेस सुचवेन. तरीही यूएसबीच घेणार असाल, तर माइकवरच हेडफोनची जागा आहे ना, एवढे नक्की पाहा. ती नसेल तर तुमचा आवाज संगणकातून फिरून तुमच्या कानी येतो. ४८ किलोहर्ट्झवर १०२४ सॅम्पलचा बफर (संगणक एका वेळी साठवून पुढे देतो तो आवाजाचा तुकडा) असेल तर त्या एका टप्प्यातच सुमारे २१ मिलिसेकंद जातात आणि स्वतःचाच आवाज मागे पडलेला ऐकत गाणे फार अवघड होते.

आता आकड्यांविषयी. ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ हे जवळपास प्रत्येक खोक्यावर छापलेले असते आणि आलेख सोबत नसेल तर त्यावरून काहीच कळत नाही. सहन होणारा कमाल आवाज किती, हा आकडा ढोलताशासारख्या वाद्यांसाठी पाहावा. बोलण्यासाठी तो पाहण्याचे कारण नाही. मी स्वतः पाहतो तो सेल्फ नॉइज, म्हणजे पूर्ण शांततेतही माइकच्या सर्किटमधून येणारी सूक्ष्म सरसर. ऑडिओ-टेक्निका एटी२०२० या बऱ्याच जणांच्या पहिल्या माइकमध्ये ती २० डेसिबल आहे, तर रोड एनटी१-ए मध्ये ५ डेसिबल. कागदावर हा फरक मोठा दिसतो. पण रात्री खिडक्या बंद केलेली घरातली खोलीसुद्धा साधारण ३० डेसिबलच्या आसपास असते, आणि तुमच्याकडे संगणकाचा पंखाही आहे. जवळून, नेहमीच्या आवाजात वाचणाऱ्याला २० डेसिबल पुरतात. अगदी हळू आवाजात गाणे किंवा एखादे नाजूक वाद्य दुरून टिपणे हे मुख्य काम असेल, तरच जास्त शांत माइकसाठी खर्च वाढवावा.

दुसरी गोष्ट छापील आकड्यांत सापडत नाही. स्वस्त, मोठ्या पडद्याच्या अनेक माइकमध्ये न्यूमन या माइक कंपनीच्या के ६७ या कॅप्सूलच्या (पडदा असलेल्या, आवाज टिपणाऱ्या गाभ्याच्या) धर्तीची कॅप्सूल असते. मूळ रचनेत ही कॅप्सूल वरच्या कंपनसंख्यांना अधिक उठाव देते आणि पुढचे सर्किट तो उठाव मुद्दाम खाली आणते. नकला करताना कॅप्सूल उचलली जाते, पण सर्किटमधली ती दुरुस्ती अनेकदा गाळली जाते. असा माइक पहिल्या ऐकण्यात ‘स्वच्छ’ वाटतो, परंतु तासाभराच्या वाचनात प्रत्येक ‘स’, ‘श’ आणि ‘चमचा’मधला ‘च’ कानाला टोचू लागतो. म्हणून विकत घेण्याआधी त्या माइकवर केलेले, कोणतीही प्रक्रिया न केलेले बोलणे हेडफोनवर पाच मिनिटे सलग ऐका. गाण्याचे नमुने या कामी येत नाहीत, कारण सोबतच्या वाद्यांत हा दोष झाकला जातो.

‘इलेक्ट्रेट’ हा शब्द दिसला म्हणून माइक बाद करू नका. गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी १९६२ मध्ये बेल लॅब्जमध्ये विकसित केलेल्या या पद्धतीत विद्युतभार कायमचा साठवलेला असतो, आणि एटी२०२० सुद्धा कायमच्या भारावरच चालतो. त्याला इंटरफेसकडून केबलमधून लागणारे ४८ व्होल्ट (यालाच फँटम पॉवर म्हणतात) आतल्या ॲम्प्लिफायरसाठी असतात. मात्र एक सापळा टाळा. काही अतिस्वस्त संचांत मोठ्या धातूच्या कवचात बोटाच्या पेराएवढी कॅप्सूल बसवलेली असते आणि सोबत एका टोकाला एक्सएलआर व दुसऱ्या टोकाला मोबाइलसारखी ३.५ मिलिमीटरची पिन असलेली केबल येते. त्या केबलने माइकला ४८ व्होल्ट मिळत नाहीत आणि संगणकाच्या साउंड कार्डचा सगळा खरखराट आवाजात उतरतो.

मंद्रसप्तक

कानसेन यांचे विवेचन मला मान्य आहे, पण तुमच्या खोलीचे वर्णन वाचून मी खरेदीआधी खोलीकडे बघायला सांगेन. मोबाइलवरचा ‘पोकळ’ आवाज मोबाइलमुळे जितका आला, त्याहून जास्त उघड्या भिंती आणि काच यांच्यामुळे आला असावा. कंडेन्सर माइक हा दोष लपवणार नाही, उलट अधिक स्पष्टपणे दाखवील.

पुष्कळ जण पातळ फोमचे चौकोन माइकच्या मागच्या भिंतीवर चिकटवतात. यात दोन चुका होतात. पहिली जाडीची: भिंतीला लावलेला सच्छिद्र पदार्थ ध्वनीच्या तरंगलांबीच्या साधारण चौथ्या भागाइतका जाड असला तरच त्या ध्वनीवर चांगला परिणाम करतो. २.५ सेंटिमीटर फोम सुमारे ३४०० हर्ट्झच्या वर काम करतो. खालचा घुमारा तसाच राहतो आणि फक्त आवाजाची झळाळी जाते. दुसरी चूक जागेची: कार्डिऑइड माइक समोरचे ऐकतो आणि पाठीमागचे सर्वांत कमी ऐकतो, म्हणजे त्याला तुमचा चेहरा आणि तुमच्या पाठीमागची भिंत ‘दिसते’. जाड रजई टांगायची ती तुमच्या पाठीमागे, भिंतीपासून दहा-पंधरा सेंटिमीटर अंतर ठेवून. पुस्तकांचे भरलेले कपाट पाठीशी असेल तर तेही मदत करते. संगणक मात्र माइकच्या पाठीकडे ठेवा, म्हणजे पंख्याचा आवाज आपोआप मागे पडेल.

टेबलाचाही विचार करा, कारण त्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. तुमचा आवाज थेट माइककडे जातो आणि टेबलावर आपटूनही जातो. हा दुसरा मार्ग ३४ सेंटिमीटर जास्त लांब असेल, तर तो आवाज सुमारे १ मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि ५००, १५००, २५०० अशा हर्ट्झवर मूळ आवाजाला कापतो. मग वाचन नळीतून केल्यासारखे वाटते आणि माणूस माइकला दोष देत बसतो. टेबलावर घडी केलेले जाड पांघरूण टाका किंवा माइक टेबलापासून दूर, उभ्या स्टँडवर घ्या.

इतके करूनही खोली आटोक्यात येत नसेल, तर डायनॅमिक माइकचा (चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यावर चालणाऱ्या, कमी संवेदनशील माइकचा) विचार करण्यात कमीपणा मानू नये.

कानसेन

डायनॅमिक माइकविषयी एक पुरवणी जोडतो. डायनॅमिक माइक खोली कमी टिपतो असे म्हणतात, त्याचे मोठे कारण असे की तो ओठांपासून चार-पाच सेंटिमीटरवर वापरला जातो. कंडेन्सरही जवळ घेतला तर खोली मागे सरतेच: अंतर ४० वरून २० सेंटिमीटर केले की थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो आणि खोलीतून परतणारा आवाज जवळपास तितकाच राहतो. शिवाय डायनॅमिकचा सिग्नल क्षीण असतो. शुअर एसएम५८ हा डायनॅमिक माइक त्याच आवाजाला सुमारे १.८५ मिलिव्होल्ट देतो आणि एटी२०२० सुमारे १४ मिलिव्होल्ट. ही उणीव इंटरफेसच्या गेनने (सिग्नल वाढवण्याच्या बटणाने) भरून काढावी लागते, आणि स्वस्त इंटरफेस गेन शेवटपर्यंत फिरवला की सरसर करू लागतात. शब्दयात्री यांना हळुवार वाचन करायचे असेल तर हा मुद्दा हलका समजू नये.

शब्दयात्री

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मी एक्सएलआर कंडेन्सर माइक, दोन इनपुटचा इंटरफेस आणि जमिनीवर उभा राहणारा स्टँड घेतला. पाठीमागे रजई टांगली आणि संगणक माइकच्या पाठीकडे हलवला. पंख्याचा आवाज खरोखर कमी झाला, पण माझा आवाज अपेक्षेपेक्षा दबलेला आणि दूरचा येतो, आणि ‘भ’, ‘फ’, ‘प’ आले की दणका बसतो. माइक मी तोंडासमोर आडवा धरून त्याच्या टोकात बोलतो आहे. मोठ्याने वाचले की इंटरफेसवरचा, आवाज फाटत असल्याची खूण देणारा लाल दिवा लागतो. शिवाय फँटम पॉवरचे बटण केव्हा दाबावे, याची धास्ती वाटते.

निषाद

तुमची पहिली अडचण तुमच्या वर्णनातच सापडते. मोठ्या पडद्याचे बहुतेक कंडेन्सर माइक टोकातून ऐकत नाहीत, बाजूने ऐकतात. माइक उभा करा आणि ज्या बाजूला निर्मात्याची खूण किंवा हृदयाच्या आकाराचे (कार्डिऑइडचे) चिन्ह आहे ती बाजू तोंडाकडे वळवा. तुम्ही आतापर्यंत पडद्याच्या कडेशी बोलत होता, म्हणून आवाज दबला. ही चूक नव्या माइकसोबत फार जणांकडून होते.

मी गाते, त्यामुळे दणक्यांशी माझा रोजचा संबंध आहे. आपल्या भाषेत ‘भ’ आणि ‘फ’ यांच्याबरोबर हवेचा चांगला झोत बाहेर पडतो, आणि तो झोत सरळ पडद्यावर आदळला की खालच्या सुरात धप्प असा आवाज उमटतो. पॉप फिल्टर माइकला चिकटवून लावल्यास त्याचा उपयोग होत नाही. झोत विरायला जागा लागते, म्हणून तो माइकपासून ५ ते ८ सेंटिमीटर पुढे असावा आणि तुमचे तोंड माइकपासून १५ ते २० सेंटिमीटरवर. त्याहून महत्त्वाचे म्हणजे माइक ओठांच्या रेषेत ठेवू नका. तो नाकाच्या उंचीवर घ्या आणि किंचित तोंडाकडे झुकवा, किंवा एका बाजूला सरकवून तोंडाकडे वळवा. झोत खालून किंवा बाजूने निघून जातो, आवाज मात्र पूर्ण पोचतो. ‘स’ टोचत असेल तर तोही याने मऊ होतो. फार जवळ मात्र जाऊ नका, कारण दिशा पाळणाऱ्या माइकमध्ये जवळ गेले की खर्ज फुगतो. वाचताना मान पुढेमागे होत राहिली तर एकच वाक्य दोन वेगळ्या माणसांनी म्हटल्यासारखे ऐकू येते. मी स्टँडच्या पायाजवळ चिकटपट्टी लावून उभे राहण्याची जागा ठरवून घेतली आहे.

फँटम पॉवरची भीती बाळगू नका. या पद्धतीत केबलमधल्या दोन्ही सिग्नल तारांवर सारखाच ४८ व्होल्टचा दाब दिला जातो आणि इंटरफेस फक्त त्या दोन तारांमधला फरक वाचतो, म्हणून तो दाब आवाजात उतरत नाही. क्रम एवढा पाळा: आधी गेन पूर्ण खाली आणि हेडफोन उतरवलेले, मग केबल जोडणे, मग ४८ व्होल्टचे बटण, आणि अर्धा मिनिट थांबून गेन वाढवणे. केबल काढताना आधी बटण बंद करून थोडे थांबावे. कुणाकडून जुना रिबन माइक वापरायला आणलात, तर मात्र ते बटण बंद आहे याची खात्री करा. सदोष केबल असेल तर रिबन माइकमधली धातूची नाजूक पट्टी खराब होऊ शकते.

लाल दिव्यासाठी: वाचनातला सर्वांत मोठ्या आवाजाचा उतारा निवडा, तो खऱ्या आवेशाने वाचा आणि मीटरचे शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असा गेन ठेवा (मीटरवर शून्य म्हणजे कमाल मर्यादा). चाचणीच्या वेळी आपण नकळत हळू बोलतो, म्हणून ही मोकळी जागा लागते. २४ बिटवर ध्वनिमुद्रण केले तर पातळी अशी थोडी कमी ठेवल्याने फारसे काही गमावले जात नाही, नंतर ती वाढवता येते. याउलट, फाटलेला आवाज नंतर पूर्ववत होत नाही.

शब्दयात्री

माइक वळवल्याबरोबर फरक कळला. माझाच आवाज मला प्रथमच जवळचा वाटला. तो नाकाच्या उंचीवर झुकवून लावला आणि ‘भ’चे दणके जवळजवळ गेले. टेबलावरचे पांघरूण काढून आणि टाकून असा एकच परिच्छेद दोनदा वाचून पाहिला. मंद्रसप्तक म्हणतात तो नळीसारखा आवाज पांघरूण काढल्यावर स्पष्ट ऐकू येतो. आता एकच शंका उरली: माइक स्टँडवरच ठेवावा की काम झाल्यावर पेटीत?

मंद्रसप्तक

रोज वापरत असाल तर स्टँडवर राहू द्या, पण वर कापडी पिशवी घाला, कारण पडद्यावर साचलेली धूळ आणि ओल हीच कंडेन्सरची खरी शत्रू आहेत. आठवडाभर वापरणार नसाल तर पेटीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. दमट दिवसांत अचानक चटचट किंवा फुटल्यासारखे आवाज येऊ लागले, तर घाबरून माइक उघडू नका आणि पडद्याला हात लावू नका. कोरड्या जागी एक-दोन दिवस ठेवून पुन्हा लावून पाहा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच तो ताळ्यावर येतो.