हुतोंगमधली दारे

बीजिंगच्या हुतोंगांत, म्हणजे तिथल्या जुन्या अरुंद गल्ल्यांत, आता केवळ दुकाने आणि गर्दी उरली आहे, हे मत नानलुओगूश्यांग या तिथल्या प्रसिद्ध भागाच्या मुख्य रस्त्यापुरते मला मान्य आहे. मात्र त्याच रस्त्यावरून पूर्वेला किंवा पश्चिमेला फुटणाऱ्या कोणत्याही गल्लीत शंभर पावले आत गेल्यास ते टिकत नाही. घरांचे मुख्य दालन दक्षिणाभिमुख असावे म्हणून बहुतेक हुतोंग पूर्व-पश्चिम धावतात, आणि माणसांची खरी वस्ती तिथेच आहे. अनेक जुन्या घरांत स्वतंत्र शौचालय नसल्याने सार्वजनिक शौचालये जागोजागी आढळतात, ही पायी फिरणाऱ्यांसाठीही मोठी सोय आहे.

सहसा चर्चेत न येणारी गोष्ट म्हणजे तिथली दारे वाचता येतात. आपल्याकडे जिथे गणेशपट्टी असते, तिथे त्यांच्या दारांवर दोन किंवा चार जाड लाकडी खुंट्या पुढे आलेल्या दिसतात. त्या निव्वळ शोभेच्या नसून दाराच्या वरच्या टोकांना आतून धरणारी तुळई त्यांनीच चौकटीला जखडलेली असते. चार खुंट्या म्हणजे सहसा मोठे घराणे. उंबरठ्याजवळचे दगड ढोलासारखे गोल असल्यास घर लष्करी अधिकाऱ्याचे आणि चौकोनी असल्यास मुलकी अधिकाऱ्याचे, अशी पारंपरिक समजूत आहे. चीनची अखेरची सम्राज्ञी वानरोंग हिचे माहेर ज्या माओअर हुतोंगात आहे, तिथे ही दारे पाहत मी संपूर्ण दुपार घालवली. आत मात्र कुटुंबे राहतात, म्हणून न विचारता उंबरठा ओलांडू नये.