इंदूर: आईसाठी घरी बाई ठेवायची वेळ आली आहे का?

नमस्कार मंडळी. आई रामबागेतल्या घरात एकटी राहते, वय ७९. मी पुण्यात. रोज रात्री फोन होतो आणि फोनवर ती खणखणीत असते. भाजीचे भाव, शेजारच्या काकूंचं ऑपरेशन, सगळं सांगते. त्यामुळे मी निश्चिंत होतो.

परवा आलो. फ्रिजमध्ये सांची दुधाची पाच पाकिटं, दोन फुगलेली. जिरावण मसाल्याच्या चार पुड्या, एकही फोडलेली नाही. बीपीच्या गोळ्या महिन्याच्या आणलेल्या, निम्म्या तशाच. पण जिवाला लागलं ते भिंतीचं. खोलीपासून न्हाणीघरापर्यंत कमरेच्या उंचीवर तळहाताचा मळकट पट्टा उमटलाय. किती दिवस धरून धरून चालतेय कोण जाणे! विचारलं तर म्हणते, "मला काय धाड भरलीय?"

अंघोळ, कपडे, जेवण अजून तिचं तीच करते. मग दिवसभराची बाई हवी की काही तासांची? आया की नर्स? "परकी बाई माझ्या स्वयंपाकघरात नको" म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला. मी रविवारी परत जाणार आहे. कृपया सांगा.

प्रतिसाद १
आधी डॉक्टर, मग बाई. सोडियम किंवा बी१२ कमी होणं, थायरॉईड, लघवीचा संसर्ग यांनीही वयस्कर माणसं विसरतात, गोंधळतात, आणि ते बरंचसं औषधाने सुधारतं. हे दोन-चार दिवसांत एकदम झालं असेल तर आजच दाखवा. उभं राहिल्यावर बीपी उतरतंय का, तेही मोजायला सांगा.

प्रतिसाद २
सासूबाईंच्या वेळी आम्ही असं ठरवलं: गोळ्या, स्वयंपाक, पैशांचे व्यवहार चुकायला लागले की सकाळ-संध्याकाळ दोन-तीन तास बाई. अंघोळ, संडास, उठणं-बसणं जमेना झालं की पूर्ण वेळ, रात्रीसुद्धा. नर्स लागते ती इंजेक्शन, नळी, जखमेची पट्टी असेल तर. बाईचं पोलीस व्हेरिफिकेशन करून घ्याच. सत्तरीनंतरचं आयुष्मान कार्ड दवाखान्यात भरती होण्यासाठी आहे, घरच्या बाईचा पगार त्यातून निघत नाही. माहितीसाठी १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो.
आणि आईंना "तुला सांभाळायला बाई" असं म्हणू नका हो. भाजी निवडायला, वरकामाला म्हणून येऊ दे. आमच्याकडे पंधरा दिवसांत दोघी मिळून कुरडया घालत होत्या.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. रविवारचं तिकीट रद्द केलं. उद्या रक्त तपासणी. ओळखीतल्या एक मावशी सोमवारपासून सकाळी तीन तास येतील. आज न्हाणीघराच्या वाटेवर धरायला दांडा बसवून घेतला. मिस्त्री वर खुणा करत होता, तर आईच उठून आली, भिंतीवरच्या त्या पट्ट्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "इथे लाव, माझा हात इथे येतो."