जनरल म्हणजे 'महा' की 'सगळ्या कामांचा'?

तापीकाठ (जळगाव):
भाचा धुळ्याला एमपीएससीचा अभ्यास करतो, काल रात्री फोन करून विचारतो मामा ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारचा मुख्य वकील, मिलिटरीतून येतो का. आधी हसलो, मग वाटलं पोराची तरी काय चूक, जनरल म्हटलं की आपल्यालाही अरुणकुमार वैद्य आठवतात नाहीतर भुसावळला धक्काबुक्की करून धरलेला जनरल डबा. माझं म्हणणं, या पदांतला जनरल म्हणजे 'सगळ्या कामांचा', आणि त्याचं 'महा' करून आपण घोळ घातलाय. ॲटर्नी जनरलचा महान्यायवादी, ॲडव्होकेट जनरलचा महाधिवक्ता, डायरेक्टर जनरलचा महासंचालक... कुंभमेळा आहे का हा?

खाकीवाला:
अजिबात पटलं नाही. 1773 च्या कायद्याने बंगालला गव्हर्नर जनरल बसवला तो मुंबई-मद्रासच्या गव्हर्नरांवर नजर ठेवायलाच ना? मग तो वरचा झाला, म्हणजे महाच. पोलीस महासंचालकाला 'सर्वसाधारण संचालक' म्हणून बघा एकदा, काय होतं ते सांगा 😄

तापीकाठ (जळगाव):
गव्हर्नरचं मान्य. पण ॲटर्नीचं काय? शेताच्या व्यवहारात कुलमुखत्यारपत्र करतो आपण, त्यालाच इंग्रजीत जनरल पॉवर ऑफ ॲटर्नी म्हणतात. एका कामापुरता तो खास मुखत्यार, सगळ्या कामांचा तो कुलमुखत्यार. ॲटर्नी जनरल म्हणजे सरकारचा कुलमुखत्यार, त्यात महान काही नाही. म्हणून तर अनेकवचन ॲटर्नीज जनरल होतं, एस ॲटर्नीला लागतो.

केळीवाला_रावेर:
मग कुलगुरू म्हणजे गुरू जनरल का भो 🙏

तापीकाठ (जळगाव):
ते कुल संस्कृतातलं, हे अरबीतलं. पण बरा टोला दिला.

खाकीवाला:
बरं वकिलाचं सोडा, सैन्यातला जनरल तर नाम आहे ना? तिथे काय कुलमुखत्यार लढतो का

निवृत्त सुभेदार (अमळनेर):
तिथंही विशेषणच होतं. आधी कॅप्टन जनरल म्हणायचे, पुढे कॅप्टन गळाला, जनरल राहिला. आणि मेजर लेफ्टनंटच्या वर असून लेफ्टनंट जनरल मेजर जनरलच्या वर कसा, हे रिक्रूट पोरं मला दरवेळी विचारायची. मूळ हुद्दा सार्जंट मेजर जनरल होता, सार्जंट मेजर लेफ्टनंटच्या खालचाच, त्यातला सार्जंट तेवढा गळाला म्हणून. लेफ्टनंट म्हणजे दुसऱ्याच्या जागी काम बघणारा, आपला नायब. नायब तहसीलदार म्हणतो तसाच. साहेब जितका मोठा तितका नायब मोठा, एवढं लक्षात ठेवा बस. आणि महा नको असेल तर आपल्याकडे 'सर' होतंच की, सरनौबत, सरलष्कर.

केळीवाला_रावेर:
तुन्हं बरोबर शे बाबा. पण सरन्यायाधीश आधीच आहेत, आता सरन्यायवादी पण केला तर भाचा अजून गोंधळेल.

खाकीवाला:
भाच्याला सांगा पेपरात ऑप्शनमध्ये महान्यायवादी दिसला की गोल काळा कर, कुलमुखत्यार शोधत बसू नको. राज्यघटनेचं कलम 76. मार्क त्यालाच मिळतात.