मदत हवी आहे: मेंदूच्या पेशींवर काम शिकण्यासाठी प्रयोगशाळा

नमस्कार मंडळी. मी बेळगावात एमएस्सी प्राणिशास्त्राला शिकवते. खानापूरकडची माझी एक विद्यार्थिनी, मराठी माध्यमातून आलेली, अतिशय हुशार. पार्किन्सन या आजारात अल्फा-सायन्युक्लिन हे प्रथिन सिनॅप्सवर, म्हणजे दोन चेतापेशींच्या जोडावर, काय बिघडवतं, यावर तिला शेवटच्या सत्राचा प्रकल्प करायचा आहे.

आमच्याकडे सूक्ष्मदर्शक आहेत, पॅच क्लॅम्पचा, म्हणजे एकेका पेशीतला विद्युतप्रवाह मोजण्याचा, सेटअप नाही. न्यूरॉन हे मोफत सॉफ्टवेअर वापरून तिने सिनॅप्सचं मॉडेल चालवून पाहिलं, पण पडद्यावर आलेख काढणं वेगळं आणि ऑक्सिजन सोडलेल्या द्रावात मेंदूचा काप जिवंत ठेवून, जेमतेम एका मायक्रॉनच्या काचेच्या टोकाने पेशीवर गिगाओहमचं सील (प्रवाह गळू न देणारी घट्ट पकड) मिळवणं वेगळं. ते हात धरूनच शिकावं लागतं.

विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप माहीत आहे, पण दोन महिन्यांत हे कौशल्य हाती येणार नाही. आम्हाला जानेवारी ते जून हवं आहे. बेंगळुरूच्या एनसीबीएस आणि आयआयएससी, पुण्याच्या आयसर या संशोधन संस्थांमधल्या काही प्राध्यापकांना तिने ईमेल केले, उत्तर नाही. कन्नड येतं, त्यामुळे बेंगळुरूची अडचण नाही. उंदरांवर काम करायची तयारी आहे. घरून राहण्या-जेवणाचा खर्च झेपणार नाही, तेवढा स्टायपेंड किंवा हॉस्टेल हवंच.

अनुभव नसलेल्या विद्यार्थ्याला सहा महिने घेऊन पॅच क्लॅम्प खरोखर शिकवणारी प्रयोगशाळा कोणती? की आधी कॅल्शियम इमेजिंग (पेशींतल्या कॅल्शियमचे बदल सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं) शिकून मग तिकडे वळावं? आणि पत्र प्राध्यापकांना लिहावं की त्यांच्या पीएचडी विद्यार्थ्यांना?