बेने इस्रायली (कोकणातले मराठी ज्यू) लोकांच्या नावांचा अर्थ काय असतो?

अलिबागकर_पोरगा: आमच्याकडे पेझारकर, रोहेकर, नवगावकर अशी बेने इस्रायली आडनावं आहेत, ती गावावरून आली हे कळतं, पण सॅम्युअल, आयझॅक वगैरे नावांना काही अर्थ असतो का, की आपलं बायबलमधलं म्हणून ठेवायचं?

खाडीपलीकडे: असतो की! आयझॅक, मूळ हिब्रू यित्झाक, म्हणजे 'तो हसेल'. म्हातारपणी मूल होणार ऐकून सारा हसली, म्हणून पोराचं नावच ते, मला तर हे जाम आवडतं. बेंजामिन म्हणजे उजव्या हाताचा पुत्र. नवसाचं पोर म्हणजे सॅम्युअल, त्याच्या आईने, हॅनाने, देवाकडे मागून घेतलेला.

मशीदबंदर_लोकल: आणि कोकणात त्याला आपला 'जी' लागला ना, सॅम्युअलचा सामाजी, एझेकिएलचा हसाजी! १७९६ साली मुंबईत पहिलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) बांधणारे सॅम्युअल एझेकिएल दिवेकर म्हणजे सामाजी हसाजी दिवेकर, सॅम्युअल स्ट्रीट त्यांच्याच नावाचा. सिनेगॉगला हे लोक मशीदच म्हणायचे बरं का.

अलिबागकर_पोरगा: अरे मग कवी निस्सीम इझिकेल? मी तर मराठी 'निस्सीम' समजत होतो 😅

खाडीपलीकडे: नाय रे, हिब्रूत निस्सीम म्हणजे चमत्कार, तेही अनेकवचनी.