कॅमेऱ्याने चेहरा दिला. नाव कोणी दिलं?

गिरणाकाठ
यावलकर दादांची पोस्ट कालपासून फिरतेय आणि खाली नुसते अंगठे पडतायत, म्हणून लिहावं लागतंय. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी सार: राजीव गांधींच्या खुनाचा तपास म्हणजे निव्वळ नशीब, मेलेल्या फोटोग्राफरचा कॅमेरा शाबूत राहिला म्हणून पोलिसांची अब्रू वाचली. आज सीसीटीव्ही आणि टॉवर डंप (त्या वेळी टॉवरवर असलेल्या सगळ्या फोन नंबरांची यादी) घेतला की दोन दिवसांत विषय संपतो. तेव्हा गोपनीय शाखेची माणसं कमी करा आणि तो पैसा सॉफ्टवेअरला लावा.

कॅमेरा सापडला हे नशीब, मान्य. पुढचं बघा. साधा चिनॉन कॅमेरा, आत दहा फोटो. त्यात हार घेतलेली, अंगावर बॉम्ब बांधून आलेली धनू आहे, पांढऱ्या कुर्ता-पायजम्यातला वहीवाला माणूस आहे (हाच सूत्रधार शिवरासन, श्रीलंकेतल्या तमिळ बंडखोरांच्या एलटीटीईचा), बायकांच्या गर्दीत साथीदार नलिनी आणि शुभा आहेत. पण कोणाच्या कपाळावर नाव लिहिलेलं नव्हतं. ज्याचा कॅमेरा तो हरिबाबू सुरुवातीला बिचारा कामावर मेलेला पोरगा म्हणूनच धरला गेला. चंदनाचा हार आला कुठून हे शोधत गेल्यावर पूंपुहार या सरकारी हस्तकला दुकानातली खरेदी त्याचीच निघाली आणि चित्र फिरलं. ही कामगिरी भिंगाची नाही, पावत्या चाळणाऱ्या माणसाची.

सीबीआयखाली विशेष पथक २४ मे १९९१ ला बनलं, कार्तिकेयन प्रमुख. नलिनी आणि तिचा नवरा मुरुगन सापडले १४ जूनला, चेन्नईच्या सैदापेट बसस्थानकावर. शिवरासन संपला २० ऑगस्टला, बंगळूरजवळ कोणनकुंटेला. फोटो पहिल्याच आठवड्यात हातात होता ना? मग तीन महिने लोक काय गोट्या खेळत होते?

फोटो छापला की फोन सुरू होतात. प्रत्येक फोनला क्रमांक, प्रत्येक क्रमांकाला एक अधिकारी, पडताळणी झाल्याशिवाय तो बंद करायचा नाही. बहुतेक फोन खोटे किंवा शेजाऱ्याचा वचपा काढणारे. साक्षीदारांना फोटो एकेकट्याने दाखवायचे, शेजारी बसवून नाही. नाहीतर पहिल्याने बोट ठेवलं तिथेच दुसराही ठेवतो. मग घरमालक, दूधवाला, एसटीडी बूथवाला. हे काम सॉफ्टवेअर करत नाही भाऊ.

यावलकर
भाऊ, तुम्हीच माझा मुद्दा सिद्ध केला. तीन महिने लागले! याच लोकांनी ७ मे ला चेन्नईत व्ही. पी. सिंगांच्या सभेत रंगीत तालीम केली होती. आजच्या दिवशी ७ मे ची ती जागा आणि २१ मे ची, खून झाला ती श्रीपेरुंबुदूरची जागा, दोन्हींचा रात्रीचा टॉवर डंप काढला आणि दोन्हीकडे असलेले नंबर वेगळे केले की हजारोंतून मूठभर उरतात. त्यातले बंदोबस्तातले, पत्रकार, पक्षाचे कार्यकर्ते वजा करा. उरलेल्यांतले जे नंबर २१ च्या रात्रीनंतर कायमचे बंद, ते वर. एका अधिकाऱ्याचं एका बैठकीचं काम आहे हे.

आणि वायरलेस विसरू नका. शिवरासनचे श्रीलंकेत जाफन्याला जाणारे सांकेतिक संदेश आपल्या यंत्रणा पकडत होत्या. उलगडले कधी? राजीव गांधी मारले गेल्यावर. तिथे माणसं कमी पडली, गणित कमी पडलं. पावत्या नाही.

भुसावळ जंक्शन
टॉवर डंपचं एवढं सोपं असतं तर काय पाहिजे होतं भो. जरा आपल्याच भागात करून बघा. चोपडा, यावल, रावेरच्या डोंगराकडच्या गावांत फोन कित्येकदा मध्य प्रदेशचा टॉवर पकडतो. दूरसंचाराच्या हिशोबात महाराष्ट्र वेगळं सर्कल, मध्य प्रदेश वेगळं. नवापूरच्या पुढे गुजरात तिसरं. म्हणजे प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक सर्कलच्या नोडल अधिकाऱ्याला (पोलिसांना माहिती देणारा कंपनीचा माणूस) वेगळं पत्र, आणि तेही एसपी दर्जाच्या अधिकाऱ्याकडून. एक सर्कल राहिलं की तुमचा 'दोन्हीकडचा' नंबर एकीकडचाच दिसतो आणि यादीतून गळतो. गळला हे कोणाला कळतही नाही, हा खरा धोका.

शिवाय टॉवर माणूस दाखवत नाही, पट्टा दाखवतो. शहरात काही शे मीटर, आपल्याकडे मोकळ्या रानात काही किलोमीटर. सेक्टर साधारण १२० अंशांचा. त्या पाचरीत तीन गावं आणि एक महामार्ग बसतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचा कॉल सीडीआरमध्ये (कंपनीकडची कॉलची नोंद) येत नाही; आयपीडीआरमध्ये (इंटरनेट वापराची नोंद) सर्व्हरशी जोडणी दिसते, समोर कोण बोललं ते नाही. आणि शिकलेला मारेकरी कामाच्या दिवशी फोन घरी चालू ठेवून जातो. तेव्हा सॉफ्टवेअर तुम्हाला सांगतं, साहेब घरीच होते.

सीसीटीव्हीचं तर विचारूच नका. दुकानाच्या डीव्हीआरचं (फुटेज साठवणारा डबा) घड्याळ दहा-पंधरा मिनिटं मागे-पुढे असतं. पंचनाम्यात डीव्हीआरची वेळ आणि प्रमाणवेळ शेजारीशेजारी लिहून फरक टिपला नाही, तर मारेकरी गोळी झाडायच्या आधीच पळताना दिसतो. आणि डिस्क भरली की जुनं पुसलं जातं, कुठे महिन्याने, कुठे पंधरवड्यातच. कोणत्या दुकानात जायचं ते आधी माणसालाच सुचावं लागतं.

धुळेकर वकील
तुम्ही सगळे 'पकडलं' इथे थांबताय. कोर्टात काय टिकलं ते कोण बघणार? २८ जानेवारी १९९८ ला टाडा या दहशतवादविरोधी कायद्याच्या कोर्टाने २६ जणांना, सगळ्यांनाच, फाशी सुनावली. ११ मे १९९९ ला सर्वोच्च न्यायालयाने चार फाशी आणि तीन जन्मठेपा ठेवल्या, १९ जण सुटले. टाडाचे गुन्हे लागूच होत नाहीत असं म्हटलं, पण टाडाखाली घेतलेले कबुलीजबाब मात्र ग्राह्य धरले! एसपीसमोरची कबुली. साध्या कायद्यात पोलिसासमोरची कबुली शून्य, तेव्हाही आणि आज भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्येही.

फाशी कायम राहिलेल्या चौघांतल्या पेरारिवलनने आणून दिलेल्या दोन बॅटऱ्या घ्या. नऊ व्होल्टच्या. पट्ट्यातल्या बॉम्बला बॅटरी आणि दोन स्विच होते हे न्यायवैद्यकाने पक्कं केलं, छान काम. पण बॅटऱ्या कशासाठी हे त्याला माहीत होतं का, हा सगळा प्रश्न. ज्याने जबाब नोंदवला त्याच अधिकाऱ्याने २०१३ मध्ये जाहीरपणे सांगितलं की 'कशासाठी ते मला माहीत नव्हतं' हे त्याचं वाक्य मी लिहिलं नाही. एक वाक्य गाळलं. माणूस सुटला १८ मे २०२२ ला. करा सॉफ्टवेअर खरेदी.

यावलकर
वकीलसाहेब, हा तर माणसाचाच दोष ना? यंत्राने वाक्य गाळलं नसतं.

धुळेकर वकील
यंत्राचं वाक्य कोर्टात चढवायला त्याच साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, भाग अ आणि भाग ब, हॅश व्हॅल्यूसकट (फाइल बदलली की बदलणारा तिचा आकडी ठसा). भाग ब तज्ज्ञाने भरायचा. पेनड्राइव्हवर फुटेज आणतात आणि हॅश दोन महिन्यांनी काढतात, मधल्या काळात कोणी हात लावला नाही हे सांगणार कोण? मी उलटतपासणीला उभा असलो तर पहिला प्रश्न तोच.

सातपुडा
गिरणाकाठ आबा, तुमची ती 'माणसांची गुप्तवार्ता' जरा १९४८ च्या गांधीहत्येला नेऊन दाखवा. २० जानेवारीला बिर्ला हाउसमध्ये मदनलाल पाहवा स्फोट करून जागेवर सापडला. त्याने साथीदार करकरेचं नाव मोडकंतोडकं का होईना दिलं, 'हिंदू राष्ट्र'च्या संपादकाचा उल्लेख केला. मरिना हॉटेलच्या धुलाईत 'एन. व्ही. जी.' खुणेचे कपडे मिळाले. इकडे मुंबईत प्रा. जगदीशचंद्र जैन, ज्यांना मदनलालने आधीच कट सांगितला होता, ते २१ ला मुख्यमंत्री खेर आणि गृहमंत्री मोरारजींना सांगून आले. मोरारजींनी त्याच संध्याकाळी मुंबई सेंट्रलवर मुंबई पोलिसांचे अधिकारी नगरवाला यांच्या कानावर घातलं. दहा दिवस! आणि नगरवाला बसले गांधीजींच्या अपहरणाचा कट आहे असं धरून. तेव्हा सॉफ्टवेअर नव्हतं म्हणून अडलं का?

गिरणाकाठ
नगरवालांवर सगळं ढकलणं ही जुनी सवय आहे. दिल्लीचे दोन अधिकारी २१ ला विमानाने मुंबईत आले, २४ पर्यंत परत दिल्लीत. पुण्याला गेलेच नाहीत. 'हिंदू राष्ट्र' निघत होतं पुण्यातून, मुंबईतून नाही! संपादकाची गोष्ट त्यांनी नगरवालांना सांगितली की नाही, यावरच पुढे गांधीहत्येच्या कटाची चौकशी करणाऱ्या कपूर आयोगापुढे दोन्ही बाजू एकमेकींना खोटं पाडत होत्या. हातात नाव आणि वर्तमानपत्र असेल तर पुण्याच्या सीआयडीला ट्रंक कॉल लावायला काय लागतं?

सातपुडा
पुण्याचे सीआयडी प्रमुख राणा तेव्हा दिल्लीतच होते! मदनलालचा पूर्ण जबाब त्यांच्या हातात २५ ला पडला. आणि ते निघाले रेल्वेने. तेही अलाहाबादमार्गे.

भुसावळ जंक्शन
म्हणजे इटारसी-भुसावळ. तो कागद आमच्या फलाटावरून गेला म्हणायचा 😄 २७ ला राणा मुंबईत उतरले, आणि त्याच दिवशी गोडसे-आपटे खोट्या नावांनी विमान पकडून मुंबईहून दिल्लीला. खुनी विमानात, पुरावा रेल्वेत.

अमळनेरची माई
तुम्ही दोघं दिल्ली-मुंबई खेळताय, मूळ गोष्ट राहिली. मुंबई प्रांतातल्या वृत्तपत्रांची सरकारी यादी असायची. त्यात 'हिंदू राष्ट्र', पुणे, संपादक एन. व्ही. गोडसे, मालक एन. डी. आपटे, असं छापलेलं होतं. ना खबऱ्या लागत होता, ना विमान. यादी काढून ते पान उघडलं असतं तर धुलाईच्या खुणेशी 'एन. व्ही. जी.' जुळवायला दोन मिनिटं. कपूर आयोगाने बोट ठेवलंय त्यावर. १९६६ ला नेमला, १९६९ ला अहवाल. ती यादी कोणी वाचली, तर आयोगाने.

सातपुडा
माई, आता बोललात! म्हणजे माणसंच कुचकामी.

गिरणाकाठ
तुम्हाला नगरवाला एवढे खुपतात तर खुनानंतरचं पण बोला की. तपास त्यांच्याचकडे दिला. ३१ जानेवारीला पुण्यात शस्त्रविक्रेता बडगे ताब्यात, तोच पुढे माफीचा साक्षीदार. १४ फेब्रुवारीला मुंबईत आपटे आणि करकरे. पंधरा दिवसांत साखळी बांधली, कारण कोण कोणाकडे उतरतो आणि शस्त्रं कोण विकतो हे त्या शाखेच्या लोकांना ठाऊक होतं. सॉफ्टवेअरमुळे नाही.

सातपुडा
खुनानंतर पंधरा दिवसांत सापडतात ते खुनाआधी दहा दिवसांत का नाही? हेच तर विचारतोय. नगरवाला तुमचे कोण लागतात?

गिरणाकाठ
तुमचे सावकार लागतात का मग? मुद्द्यावर या. आधी आणि नंतर हा फरक असतोच. आधी दहा कटांच्या खबरा असतात, त्यातली खरी कोणती कळत नाही. नंतर एकच कट असतो, आणि सगळे वरिष्ठ अचानक फोन उचलायला लागतात.

धुळेकर वकील
शेवटचं वाक्य खरं आहे. रागावून का होईना, बोललात.

अमळनेरची माई
आणि गावातल्या यादीचं काय? पोलीस पाटलाने नवीन आलेला माणूस, भाड्याने दिलेली खोली, शेतावर राहायला आलेलं कुटुंब कळवायचं, ग्राम पोलीस अधिनियम १९६७ आहे त्यासाठी. मानधन वाढवलं, बरं झालं. पण त्याने दिलेला कागद ठाण्यात कुठे जातो? बीट अंमलदाराच्या वहीत एक ओळ, वही कपाटात. उमर्टीकडून चोपड्यात गावठी कट्टे येतात हे पोरासोरालाही माहीत आहे, पकडतातही. पण पकडलेल्या कट्ट्यावर धडा संपतो. गिऱ्हाईक कोण होतं, कोणाच्या सांगण्यावरून घेतला, ही दुसरी ओळ फार थोड्या कागदांवर सापडते. राजकीय खून उद्या झाला तर पहिला प्रश्न हाच असणार: हत्यार कुठून? १९४८ ला गोडसेचं ते बेरेटा पिस्तूल ग्वाल्हेरमधून आलं, तो माग खुनानंतर लागला.

यावलकर
माई, तुमच्या वह्या स्कॅन करून शोधता येण्यासारख्या केल्या तर? तेच म्हणतोय मी! नाव टाकलं की निघेल.

भुसावळ जंक्शन
निघेल, जर नाव एकाच पद्धतीने लिहिलं असेल तर. मदनलालने सांगितलेला 'करकरे' कागदावर 'किरक्री' झाला होता. लॉजच्या रजिस्टरात 'पाटील, जळगाव' टाकून शोधा आणि सांगा किती निघतात. ओळखपत्राची झेरॉक्स दोन हजार रुपयांच्या मशीनवरची, चेहऱ्याच्या जागी काळा ठिपका.

यावलकर
ठीक आहे. सॉफ्टवेअर नको, माणसं ठेवा. फक्त ज्यांना यादी उघडता येते अशी ठेवा.

सातपुडा
कोणनकुंटेचं कोणी बोललंच नाही. १८ ऑगस्टला घर घेरलं, २० च्या पहाटे आत शिरले, सात मृतदेह. शिवरासन जिवंत मिळाला असता तर एलटीटीईचा प्रमुख प्रभाकरन आणि गुप्तचर प्रमुख पोट्टू अम्मन यांच्याकडून आदेश कसे आले ते त्याच्या तोंडून आलं असतं.

गिरणाकाठ
गळ्यात सायनाइडची कुपी बांधलेल्या माणसाला जिवंत धरायचं म्हणजे दाराला हात लावायच्या आधी कमांडो, डॉक्टर आणि उतारा तिन्ही हजर पाहिजे. उतारा काही मिनिटांत शिरेत गेला नाही तर उपयोग नाही. कमांडोंची वाट बघत बसले, म्हणून आतल्यांना वेळ मिळाला, हे तुमचं म्हणणं असेल तर त्यावर मी भांडणार नाही.

सातपुडा
वा! तारीख लिहून ठेवतो.

धुळेकर वकील
लिहा, आणि खाली हॅश व्हॅल्यू पण टाका.